वारा : महाराष्ट्रातला सगळ्यात सोयीचा आरोपी

महाराष्ट्रात वारा हा सगळ्यात सोयीचा आरोपी आहे. त्याला अटक होत नाही, त्याचा जबाब घेता येत नाही, तो वकील लावत नाही आणि त्याला मतदानही करता येत नाही. होर्डिंग पडलं, वाऱ्यानं. शाळेचे पत्रे उडाले, वाऱ्यानं. पुतळा कोसळला, तोही वाऱ्यानं. फाईल बंद, चहा मागवा.

आता वळवाचे दिवस आलेत. दुपारी चार-साडेचारला आभाळ काळवंडतं, जालना रोडवर धुळीचा लोट उठतो, आणि पहिला थेंब पडायच्या आत कुठंतरी पत्रा वाजायला लागतो. म्हणून ही पोस्ट आत्ताच लिहितोय. काही पडल्यावर लिहिली तर ती श्रद्धांजली होते. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. थोडं गणित आहे, ते सातवीच्या पोराला जमेल एवढंच.

सुरुवात मालवणपासून करू.

२६ ऑगस्ट २०२४. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेलं. म्हणजे नऊ महिनेसुद्धा पूर्ण नाहीत. त्यावर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की ताशी ४५ किलोमीटर वेगानं वारा होता, त्यानं नुकसान झालं.

ताशी ४५. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ या आकड्याचा आहे. एवढ्या वेगानं आपण रोज मोटारसायकल चालवतो. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटर झाल्याशिवाय 'चक्रीवादळ' हे नावसुद्धा मिळत नाही. ४५ ला फार तर कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला असं म्हणतात. आणि त्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्यानं नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून कळवलं होतं की पुतळ्याच्या नटबोल्टला गंज चढतोय. म्हणजे खालचा अभियंता गंजाबद्दल लिहीत होता आणि वरची माणसं वाऱ्याबद्दल बोलत होती.

पुढं काय झालं? शिल्पकाराला आणि स्ट्रक्चरल सल्लागाराला अटक झाली. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. तिथं नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला. म्हणजे दोष वाऱ्याचा नव्हता हे सरकारनंच कृतीतून कबूल केलं. फक्त तोंडानं 'आम्ही वाऱ्याबद्दल चुकीचं बोललो' असं कुणी म्हटलं नाही.

आता गणित.

आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होतो. तसं नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वेग तिप्पट, दाब नऊपट. याचं कारणही सोपं आहे. वेग वाढला की एका सेकंदात अंगावर येणारी हवा जास्त, आणि त्या हवेचा प्रत्येक लोट जास्त जोरात आदळतो. दोन्ही गोष्टी एकदम वाढतात, म्हणून वेगाचा वर्ग.

भारतीय मानक ८७५, भाग तीन. बांधकामावर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणारं हे पुस्तक. त्यातलं सूत्र मी आपल्या भाषेत सांगतो : वाऱ्याचा ताशी किलोमीटरमधला वेग घ्या, त्याचा वर्ग करा, २१२ ने भागा. उत्तर येईल ते एका चौरस मीटरवर किती किलोचा दाब पडतो ते. बस. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

४५ चा वारा : साधारण साडेनऊ किलो.
६० चा वारा : १७ किलो.
९० चा वारा : ३८ किलो.
१२० चा वारा : ६८ किलो.
१४० चा वारा : साडेब्याण्णव किलो.

शेवटचा १४० चा आकडा मी हवेतून आणलेला नाही. त्याच मानकात देशातल्या मोठ्या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. आपल्या शहरासाठी, जुन्या नावानं औरंगाबादसाठी, तो सेकंदाला ३९ मीटर आहे. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८. ही रोजच्या वाऱ्याची गोष्ट नाही. मोकळ्या जागेवर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, साधारण पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येऊ शकेल असा झोत धरून हा आकडा काढलाय. त्या झोतात टिकेल असं बांधा, असा त्याचा अर्थ.

आता ४५ आणि १४० शेजारी ठेवा. वेग तिप्पट. दाब जवळपास दहापट. समुद्रकाठच्या मालवणला तर आपल्यापेक्षा सौम्य आकडा धरायचं काही कारणच नाही. म्हणजे जी वस्तू दहा माणसांचं ओझं पेलेल असं बांधायला हवं होतं, ती एका माणसाच्या ओझ्यानं बसली. आणि आपल्याला सांगितलं काय, तर तो एक माणूस फार जड होता!

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्या आज्यांनी कुणासाठी केली असेल ते आता कळतं.

दुसरं उदाहरण घाटकोपरचं. १३ मे २०२४. छेडानगरच्या पेट्रोलपंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. पेट्रोल भरायला थांबलेली, पावसापासून आडोसा घेतलेली माणसं. मुंबई महापालिकेच्या नियमात ४० बाय ४० च्या वर परवानगी नव्हती. हे नऊपट मोठं होतं. नंतर व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. तो अहवाल तेव्हा पेपरांत आला, त्यातले तीन आकडे प्रत्येक नगरसेवकाच्या टेबलावर काचेखाली लावून ठेवायला पाहिजेत. पाया फक्त ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसेल एवढाच होता. त्या दिवशी वारा ८७ चा होता. आणि सोसायला हवा होता १५८ चा.

आपलं सूत्र लावा. १२० बाय १२० फूट म्हणजे साधारण १,३३८ चौरस मीटर. ४९ च्या वाऱ्यात त्यावर १५ टन दाब. ८७ च्या वाऱ्यात जवळपास ४८ टन. १५८ धरला असता तर दीडशे टनांच्या वर. म्हणजे दीडशे टनांसाठी जो पाया हवा, तिथं पंधरा टनांचा पाया होता. एक शून्य कमी! आणि या होर्डिंगवाल्या आरोपीनं उच्च न्यायालयात काय म्हणणं मांडलं? ही दैवी घटना होती.

देवाच्या नावावर किती बिलं फाडायची याला काही मर्यादा?

त्याच्या वर्षभर आधी, १७ एप्रिल २०२३ ला, पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला असंच होर्डिंग पडून पाच जणांचा जीव गेला. तिथंही वाऱ्या-पावसापासून वाचायला माणसं त्याच सांगाड्याखाली उभी होती. दोन्ही ठिकाणी चक्रीवादळ नव्हतं. वळवाचाच वारा होता. तोच, जो आपल्याकडं येतो.

इथं कुणीतरी म्हणेल, 'सर, मोठं वादळ आलं तर कुणाचाच इलाज चालत नाही.' ठीक आहे, मोठ्या वादळाचंही बघू.

१९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळ आलं. वेग ताशी २६० च्या आसपास. सरकारी आकड्यानं जवळपास दहा हजार माणसं गेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ फायलिन आलं. वेग दोनशेच्या वर. वेगात फरक होता, पण मृतांच्या आकड्यात तो केवढा होता? फायलिनमध्ये पन्नासच्या आत. दहा हजार आणि पन्नास! वाऱ्याच्या गणितातून हा फरक निघत नाही. तो निघतो चक्रीवादळ निवाऱ्यांतून, गावोगावच्या यादीतून, आणि वादळ यायच्या आधी हलवलेल्या दहा लाखांच्या आसपास माणसांतून.

आपल्या कोकणात ३ जून २०२० ला निसर्ग आलं. अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात ताशी शंभर ते एकशेवीसचे वारे. हजारो माणसं आधीच हलवली होती म्हणून जीव वाचले. पण कौलं, पत्रे, विजेचे खांब, नारळ-सुपारीच्या वाड्या गेल्या. सुपारीचं झाड पुन्हा लावून उत्पन्नाला यायला वर्षं जातात. पंचनाम्याचा चेक एकदाच येतो.

उलट उदाहरण पुढच्याच वर्षी. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईजवळून गुजरातकडं गेलं. त्याचा इशारा दिवसागणिक दिला जात होता. तरी मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा माणसांसकट समुद्रातच राहिला आणि बुडाला. सत्तरच्या वर कामगार गेले. वारा तर सांगून आला होता. न ऐकणारे कोण होते?

थोडक्यात, वाऱ्याचा वेग आपल्या हातात नाही. पण त्या वेगाचं नुकसान किती व्हायचं, यातला मोठा भाग आपल्या हातात आहे. माझं म्हणणं एवढंच.

बरं, आणखी एक गोष्ट. नुकसान फक्त वेगाच्या वर्गानं वाढतं असंही नाही, ते त्याहून वेगानं वाढतं. कारण वस्तू हळूहळू तुटत नाही. एका मर्यादेपर्यंत तिला काही होत नाही, आणि ती मर्यादा ओलांडली की एकदम जाते. शिवाय पहिला पत्रा सुटला की वारा आत शिरतो आणि दुसऱ्या पत्र्याला खालून उचलतो. सुटलेला पत्रा शेजाऱ्याच्या काचेवर जातो. खांब पडला की चार गावांची लाईट जाते, लाईट गेली की पाणी जातं. अमेरिकेत शंभर वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर किनाऱ्यावर आलेल्या वादळांपैकी सर्वांत जोरदार जी जेमतेम पाव हिस्सा होती, त्यांनी एकूण नुकसानीच्या ८० टक्क्यांहून जास्त नुकसान केलेलं दिसतं. तिकडं वादळाची पाच पायऱ्यांची जी श्रेणी वापरतात, ती तयार करणाऱ्या दोघांपैकी एक, हर्बर्ट सॅफिर, हा हवामानवाला नव्हताच. तो इमारतींचा इंजिनिअर होता. कुठल्या वेगाला काय काय मोडतं, यावरून त्यानं पायऱ्या पाडल्या. म्हणजे वाऱ्याचा अभ्यास मुळात बांधकामाच्या चष्म्यातूनच सुरू होतो. आपण मात्र तो नशिबाच्या चष्म्यातून बघतो.

आता मराठवाड्यात या.

आपल्याकडं एक समज पक्का आहे : चक्रीवादळ ही कोकणाची भानगड, आपलं दुखणं दुष्काळ. सप्टेंबर २०२१ आठवतो का? गुलाब चक्रीवादळ २६ तारखेला आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. ते आपल्याकडं पोचेपर्यंत वाऱ्याचा दम संपला होता. पण २७-२८ तारखेला बीड, लातूर, उस्मानाबाद, सगळीकडं पाण्यानं हाहाकार केला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या शेतातली माती वाहून गेली, छतावर अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. म्हणजे वादळाचा वेग दोन प्रकारचा असतो. एक, त्याच्यातल्या वाऱ्याचा. दुसरा, वादळ स्वतः पुढं किती वेगानं सरकतं त्याचा. ते रेंगाळलं की वारा मेला तरी पाऊस मारतो. तेव्हा 'वाऱ्याचा वेग कमी झाला, धोका टळला' असं टीव्हीवर ऐकलं तर लगेच हुश्श करू नका.

पण आपला रोजचा शत्रू गुलाब नाही. आपला शत्रू एप्रिल-मे-जूनमधला, वीस मिनिटांचा, बिननावाचा वारा. त्याला नाव नसतं म्हणून त्याची बातमी आतल्या पानावर येते. आणि तो सगळ्यात आधी गाठतो पत्र्याला.

चिकलठाण्यात, मुकुंदवाडीत, ब्रिजवाडीत, नारेगावात किती घरं पत्र्याची आहेत ते मी सांगायला नको. एमआयडीसीत रोजंदारीवर येणारा माणूस पत्र्याच्याच खोलीत भाड्यानं राहतो. त्या पत्र्याचं गणित ऐका. १० फूट बाय ३ फूट पत्रा म्हणजे साधारण पावणेतीन चौरस मीटर. वजन दहा-बारा किलो. वारा छपरावरून जाताना पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यात. साधा हिशोब धरला तरी ६० च्या वाऱ्यात त्या एका पत्र्याला ४७ किलोच्या आसपास वरचा ओढा बसतो. ९० च्या वाऱ्यात शंभर किलोच्या वर. १२० ला १९० किलो. दार उघडं राहिलं आणि वारा आत घुसला तर आणखी जास्त.

आणि आपण त्यावर काय ठेवतो? दगड. दोन दगड, एक जुनं टायर, कधी पाट्याचा तुकडा. शंभर किलोचा ओढा थोपवायला वीस किलोचा दगड! वारा तो पत्रा उचलतो तेव्हा दगड कुठं जातो? खाली झोपलेल्या लेकराच्या डोक्यात. दरवर्षी मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून ही बातमी येते. पत्र्यावरचा दगड पडून मृत्यू. त्यालाही आपण 'वादळी वाऱ्याचा बळी' म्हणतो.

यावर उपाय रॉकेटचा नाही. जे-हुक, जाड वायसर, कडेच्या ओळीत दुप्पट बोल्ट, आणि खालचा पाइप भिंतीत नुसता टेकवलेला नाही तर काँक्रीटमध्ये गाडलेला. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात विचारा, तोही हेच सांगेल. वर म्हणेल, 'गिऱ्हाईक पैसे वाचवतं, मग आम्ही तरी काय करावं?' गिऱ्हाईक गरीब आहे, त्याचं समजू शकतो. पण शाळा गरीब आहे का? अंगणवाडी? ग्रामपंचायतीचं सभागृह? तिथं एस्टिमेट असतं, टेंडर असतं, बिल असतं, बिलावर सही असते. तिथला पत्रा पहिल्या वळवात उडतो तेव्हा बोल्टचे पैसे कुठल्या वाऱ्यानं उडाले ते विचारलंच पाहिजे.

आता होर्डिंग. सिडकोपासून केंब्रिज चौकापर्यंत एकदा मान वर करून जा. इमारतींच्या गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, पेट्रोलपंपाला खेटून किती सांगाडे उभे आहेत ते मोजा. ४० बाय २० चं एक होर्डिंग म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. ६० च्या वाऱ्यात त्यावर सव्वा टन. ९० ला जवळपास तीन टन. आपल्या शहरासाठी ठरलेल्या १४० ला जवळपास सात टन. गच्चीवरचं असेल तर वर वारा आणखी जोराचा, त्यामुळं याहून जास्त. आता त्या सांगाड्याच्या पायाचे बोल्ट बघा. दिसले तर!

घाटकोपरनंतर राज्यभर होर्डिंगची तपासणी करायचे आदेश सुटले, नोटिसा निघाल्या, काही सांगाडे उतरवले. चांगलं झालं. पण स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र म्हणजे नक्की काय, हे किती जणांनी विचारलं? त्या कागदावर 'सुस्थितीत आहे' असं एक वाक्य असेल तर तो कागद वाऱ्यावर सोडून द्या. त्यावर हवा एकच आकडा : हा सांगाडा ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्यासाठी डिझाइन केलाय? १४० असेल तर लिहा. ४९ असेल तर तेही लिहा, म्हणजे आम्ही त्याच्याखाली गाडी लावणार नाही.

आणि आता सगळ्यात संतापाची गोष्ट. वाऱ्याचा वेग सिद्ध कुणी करायचा?

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वेगाच्या वाऱ्याचा निकष ताशी ४० किलोमीटरचा आहे. शेतकऱ्याची बाग आडवी झाली, झाडं मोडून पडली, डोळ्यांनी दिसतंय. तरी विमा मिळणार कधी? महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तेवढा वेग नोंदला गेला तर. केंद्र बागेपासून किती लांब, मधे डोंगर आहे का, झाडी आहे का, ते शेतकऱ्याचं नशीब. तिथल्या यंत्रानं ३८ दाखवला तर बाग उभी आहे असं समजायचं!

म्हणजे बघा. शेतकऱ्यानं वारा झाला म्हटलं तर यंत्राचा कागद आण. कंत्राटदारानं वारा झाला म्हटलं तर 'अरेरे, निसर्गापुढं कुणाचं चालतं!' शेतकऱ्याचा वारा संशयित, कंत्राटदाराचा वारा साक्षीदार. आपल्याकडं अस्मानी आणि सुलतानी अशी दोन संकटं सांगायचे. आता तिसरा प्रकार निघालाय : सुलतानी करायची आणि अस्मानीच्या नावावर खपवायची.

वाऱ्याचा आकडा आपल्याकडं नाही का? आहे ना. चिकलठाणा वेधशाळेचं तापमान आणि पाऊस आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतो. ४२ अंश झालं की मोठा मथळा, ६५ मिलिमीटर झालं की अतिवृष्टी. शेजारी विमानतळ आहे. उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या पायलटला वाऱ्याची दिशा आणि वेग आधी सांगावाच लागतो. म्हणजे विमानात बसलेल्यासाठी वाऱ्याचा आकडा जिवाचा प्रश्न, आणि धावपट्टीच्या भिंतीपलीकडं पत्र्याखाली बसलेल्यासाठी तो माहिती घेण्यासारखाही नाही? शहराच्या एखाद्या भागात पत्रे उडाले, झाडं पडली, की त्याच संध्याकाळी झोताचा कमाल वेग जाहीर झालाच पाहिजे. म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी साहेब 'वारा फार होता' म्हणाले की आपण विचारू शकतो : किती होता? आणि तुम्ही किती धरला होता?

यावर तीन उत्तरं येतात, ती मी आधीच देऊन टाकतो.

पहिलं : 'खर्च वाढतो.' वाढतो. पण हिशोब पूर्ण करा. चार बोल्ट जास्त लावायला किती लागतात आणि छप्पर पुन्हा घालायला किती? सरकारी निकषानं वादळात माणूस गेला तर घरच्यांना चार लाख मिळतात. कच्च्या घराची थोडीफार पडझड झाली तर चार हजार, तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. चार हजारात आज छप्पर कसं घालायचं, हे निकष लिहिणाऱ्यानं एकदा येऊन दाखवावं. आधी बोल्ट देणं स्वस्त की नंतर चेक देणं?

दुसरं : 'हवामान बदललंय, आता वारे पूर्वीसारखे नाहीत.' मान्य. अरबी समुद्रातली वादळं वाढत चालल्याचं शास्त्रज्ञ सांगतायत. पण ४५ आणि ८७ च्या वाऱ्यात पडलेल्या गोष्टींना हवामान बदलाचं कारण देऊ नका. १४० चा नियम जुनाच आहे. आधी जुना नियम पाळा, मग नव्या हवामानाचं बोलू. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरं : 'तुम्ही अमक्या पक्षाचे, म्हणून लिहिता.' निसर्ग आलं तेव्हा सरकार एकाचं होतं, मालवण झालं तेव्हा दुसऱ्याचं. घाटकोपरच्या होर्डिंगवरून दोन्हीकडच्यांनी एकमेकांचे फोटो दाखवले. वाऱ्याला पक्ष नसतो, आणि निकृष्ट कामालाही नसतो.

आता मागण्या. नुसतं बोंबलून उपयोग नाही.

एक. शहरातल्या प्रत्येक होर्डिंगवर खालच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात पाटी : परवाना क्रमांक, आकार, किती वेगाच्या वाऱ्यासाठी डिझाइन, कुणा इंजिनिअरनं तपासलं, कधी तपासलं. जाहिरातीसाठी आठशे चौरस फूट जागा आहे, यासाठी दोन फूट द्या.

दोन. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं यांच्या पत्र्यांची तपासणी दरवर्षी एप्रिल संपायच्या आत. फोटोसकट, सहीसकट. उडाल्यावर पंचनामा करायला जो माणूस जातो, तोच आधी बोल्ट बघायला जाऊ शकतो.

तीन. वादळी वाऱ्याच्या प्रत्येक पंचनाम्यात दोन रकाने : त्या दिवशी जवळच्या केंद्रावर झोताचा वेग किती होता, आणि सरकारी बांधकाम असेल तर ते किती वेगासाठी मंजूर होतं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला, तर ती आपत्ती नाही, ते निकृष्ट काम आहे. पैसे कंत्राटदाराकडून वसूल करा.

चार. घरकुलाच्या लाभार्थ्यांना छपराच्या बांधणीसाठी वेगळी रक्कम, आणि गावातल्या मिस्त्री-वेल्डरला एक दिवसाचं प्रशिक्षण. त्याला हे कुणी कधी शिकवलंच नाही.

पाच. मराठवाड्यासाठी म्हैसमाळच्या डॉप्लर रडारची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. वळवाचा ढग तासाभरात तयार होतो. त्याचा इशारा अर्धा तास आधी मिळाला तरी आठवडी बाजारातली म्हातारी पाल सोडून पक्क्या आडोशाला जाऊ शकते. त्यासाठी रडार लागतं, भाषण नाही.

आणि एक काम आपलं. आज संध्याकाळी आपल्या गच्चीवर चढा. पत्र्यावरचे दगड उतरवा, बोल्ट हलवून बघा. सोलर पॅनलची चौकट, पाण्याची रिकामी टाकी, दुकानाचा बोर्ड, सगळं हलवून बघा. वारा सुटला की होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडखाली, जुन्या झाडाखाली थांबू नका. भिजा. भिजलेला माणूस घरी येतो.

तुमच्या भागातल्या गंजलेल्या, वाकलेल्या होर्डिंगचा किंवा शाळेच्या सुटलेल्या पत्र्याचा फोटो जागेच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. यादी करून वॉर्ड कार्यालयात आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात रीतसर देऊ, पोच घेऊ. त्या पोचेची तारीख फार कामाची असते. उद्या त्यातलं एखादं पडलं आणि कुणी माईकसमोर उभं राहून 'वारा फार होता हो' म्हणालं, तर आपल्याकडं दोन कागद पाहिजेत. एकावर वाऱ्याचा वेग. दुसऱ्यावर आपण आधी कळवल्याची तारीख.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आकडा घेऊन भांडा.